युरिया डिझेलच्या टाकीत गेला तर चावी फिरवू नका

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमध्ये रात्री अकरानंतर उभं राहिलं की एक आरोळी हमखास कानावर येते, "ए, युरिया मारला का रे?" मग क्लीनर पोरगा बादली उचलतो, मोबाईल दातांत धरून त्याच्या उजेडात झाकण शोधायला लागतो. बादली २० लिटरची. आतलं द्रावण, म्हणजे गाडीचा धूर स्वच्छ करणारा युरिया, पाण्यापेक्षा जड असतं, म्हणजे वजन जवळजवळ बावीस किलो. ते छातीपर्यंत उचलायचं, पावसात, अर्ध्या झोपेत, आणि समोर दोन टाक्यांची दोन तोंडं, एक डिझेलचं, एक युरियाचं.

आमच्या घरच्या चार गाड्या आहेत. वडाळा, भिवंडी, न्हावा शेवा असा त्यांचा फेरा असतो. हिशेब आणि देखभाल बाबांनंतर मी बघते. तीन पावसाळ्यांपूर्वी अशाच एका रात्री नव्या पोराने जवळपास अर्धी बादली डिझेलच्या टाकीत ओतली. गाडी सुरू झाली. चेंबूर ओलांडेपर्यंत चाललीसुद्धा. मानखुर्दच्या अलीकडे तिने दोन-तीन गचके दिले आणि बंद पडली. ड्रायव्हरमामांनी बंद गाडीला माणूस जे करतो तेच केलं, सात-आठ वेळा सेल्फ मारला. त्या सात-आठ वेळांनी आमचं किती नुकसान केलं ते मला पुढच्या आठवड्यात बिल बघून कळलं. टाकी, पाइप, फिल्टर, प्रेशर पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारे सहाच्या सहा इंजेक्टर. त्या गाडीची तीन महिन्यांची कमाई त्यात गेली.

बिलापेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच. पोराला चूक गाडी सुटायच्या आधीच कळली होती. बादली ठेवताना त्याला डिझेलचा वास आला होता. तो बोलला नाही, कारण तो घाबरला होता.

युरिया इंजिनात जातच नाही

आपण ज्याला सर्रास युरिया म्हणतो त्याचं नाव डीईएफ, म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड. अ‍ॅडब्लू हे त्याचंच एक प्रसिद्ध नाव, जर्मनीतल्या वाहन उद्योग संघटनेने नोंदवलेलं. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया असतो आणि बाकीचं ६७.५ टक्के क्षार काढलेलं पाणी. बस्स, दोनच गोष्टी. नावात ब्लू असलं आणि झाकण निळं असलं तरी द्रावण स्वतः पाण्यासारखं रंगहीन असतं. नाकाजवळ नेलं तर अमोनियाचा हलका वास येतो.

देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, लागू झाले आणि मोठ्या ट्रकना ही दुसरी टाकी आली. काही गाड्यांना ती बीएस-४ च्या काळातच होती. डिझेल इंजिनात प्रचंड उष्णता आणि दाब असतो, त्यात हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. श्वासनलिकेला जाळणारे वायू ते हेच. त्यांना मारायचं काम इंजिनाच्या बाहेर, सायलेन्सरच्या वाटेवर होतं. तापलेल्या धुरात डीईएफचा बारीक फवारा मारतात. त्या उष्णतेत युरिया फुटून अमोनिया तयार होतो. पुढे मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा कॅटलिस्ट असतो. त्यात अमोनिया आणि ती ऑक्साइडं एकमेकांना भिडतात, आणि बाहेर पडतो साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ.

म्हणजे डीईएफचा आणि डिझेलचा आयुष्यात कधी संबंध येत नाही. एक इंजिनात जळतं, दुसरं इंजिनातून निघालेला धूर धुतं. टाक्या वेगळ्या, पाइप वेगळे, पंप वेगळे.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण म्हणजे आपल्याकडे उलटी समजूत फार खोल रुजलेली आहे. जुन्या स्कूटर ज्यांनी चालवल्या त्यांना आठवत असेल, पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल मारून घ्यायचं आणि गाडी थोडी हलवायची, की झालं मिश्रण. त्यामुळे "धूर कमी करायला युरिया टाकतात" असं ऐकलं की मनात तेच चित्र येतं, डिझेलमध्ये घालायचं काहीतरी औषध. एका चांगल्या, वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाने मला विचारलं होतं, "ताई, थोडा डिझेलमध्ये पण टाकला तर अ‍ॅव्हरेज वाढतं ना?" त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. गाडीबरोबर चावी दिली, पुस्तक इंग्रजीतलं दिलं आणि काम संपलं.

चूक नेमकी कुठे होते

गाडी बनवणाऱ्यांनी विचार केलेला आहे. डीईएफच्या टाकीचं तोंड मुद्दाम अरुंद ठेवतात. तिच्या नोझलची तोटी १९ मिलिमीटरची असते. ट्रकमध्ये डिझेल भरायची तोटी त्याहून जाड, ती त्या तोंडात शिरत नाही. पण हे संरक्षण एकाच बाजूचं आहे. डिझेलच्या टाकीचं तोंड चांगलं रुंद असतं, त्यात काहीही जातं.

आणि मुंबईत तर डीईएफ नोझलने भरणारे थोडेच. बहुतेक जण बादली किंवा कॅन घेतात. बादली आणि नरसाळं हातात आलं की तोंडाच्या मापाचं सगळं शहाणपण तिथेच संपतं. डीईएफ लागतोही कमी, शंभर लिटर डिझेलमागे साधारण चार-पाच लिटर. त्यामुळे हे काम रोजचं नाही आणि हाताला त्याची सवय होत नाही. त्यात निळं झाकण हरवलेलं असतं. आमच्या त्या गाडीचं तसंच झालं होतं. झाकण कुठेतरी पडलं, कुणीतरी बाजारातून काळं आणून बसवलं. शेजारी शेजारी दोन काळी झाकणं, रात्रीची वेळ, नवा पोरगा. दोष मी कुणाला देऊ? झाकण मागवायचं काम माझं होतं.

निळं झाकण हरवलं की त्याच दिवशी निळंच आणा. तोपर्यंत टाकीवर निळ्या ऑइलपेंटचा हाताएवढा पट्टा मारा. डिझेलच्या टाकीवर देवनागरीत मोठ्या अक्षरात "डिझेल" लिहा आणि दुसरीवर "युरिया". डीईएफ लिहू नका, ड्रायव्हर ज्या नावाने ओळखतो तेच लिहा. नरसाळी दोन ठेवा, आणि डीईएफचं नरसाळं गाडीच्या दुसऱ्या खोबणीत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. ज्या कॅनमध्ये एकदा डिझेल किंवा ऑइल होतं तो कितीही धुतला तरी डीईएफसाठी चालत नाही.

तळाशी बसणारा शत्रू

प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्या, तिच्यात थोडं डिझेल आणि थोडा डीईएफ ओता, बूच लावून जोरात हलवा. दोन मिनिटं सगळं दुधाळ दिसेल. मग हळूहळू वर पिवळसर डिझेल आणि खाली पाण्यासारखा डीईएफ, मध्ये सरळ रेघ. पाण्याची घनता १ धरली तर डिझेलची ०.८३ च्या आसपास, डीईएफची १.०९. तेल वर, पाणी खाली.

आता टाकीचा विचार करा. इंजिनाकडे जाणारा पाइप डिझेल कुठून ओढतो? तळाजवळून. म्हणजे तीनशे लिटरच्या टाकीत दोनच लिटर डीईएफ गेला तरी "एवढ्यात काय होतंय" म्हणून चालत नाही. ते दोन लिटर तीनशे लिटरमध्ये पसरत नाहीत, ते पाइपच्या तोंडाशी जाऊन बसतात. आमची गाडी चेंबूरपर्यंत चालली ती पाइपांत आणि फिल्टरमध्ये आधीचं चांगलं डिझेल उरलेलं होतं म्हणून.

पुढे काय होतं ते समजायला पंपाच्या आत डोकवावं लागेल. ट्रकच्या टायरमध्ये हवेचा दाब आठ बारच्या आसपास असतो. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना दाबाखाली डिझेल मिळतं, तिथे डिझेलचा दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो. एवढा दाब धरून ठेवायचा तर पंपाच्या आणि इंजेक्टरच्या आतले भाग एकमेकांत इतके घट्ट बसवावे लागतात की मधली फट दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. त्या फटीत वंगण म्हणून डिझेलच काम करतं, वेगळं ऑइल नसतं. तिथे डीईएफ शिरला की वंगण गेलं, धातूवर धातू घासायला लागला. डीईएफ लोखंड, तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम सगळ्यांना खातो, म्हणून त्याची स्वतःची टाकी प्लास्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची असते. आणि त्यातलं पाणी उडालं की मागे युरियाचे पांढरे खडे राहतात. इंजेक्टरची भोकं सुईच्या टोकाहून बारीक. तिथे खडा म्हणजे कायमचं बूच.

हे सगळं चावी फिरवल्यावर होतं. डीईएफ नुसता टाकीत पडून असेल, गाडी हलली नसेल, तर नुकसान टाकीपुरतं राहतं. काही गाड्यांत सेल्फ मारायचीही गरज नसते, चावी 'ऑन'वर नेली की विजेवरचा पंप ओढायला लागतो. म्हणून चावी काढायची आणि आपल्या खिशात टाकायची. डॅशबोर्डवर ठेवायची नाही, कारण दुसरा कुणीतरी गाडी बाजूला घ्यायला येतो आणि चालू करतो.

मग टाकीच्या तळाचा ड्रेन नट उघडून सगळं बाहेर काढायचं. जड असल्यामुळे पहिल्यांदा डीईएफच येईल, पण तो संपला, डिझेल दिसायला लागलं म्हणून नट बंद करू नका. पूर्ण टाकी रिकामी, आतून साफ, मग ताजं डिझेल आणि नवा फिल्टर. गाडी सुरू झाली असेल तर हे रस्त्यावरच्या मिस्त्रीचं काम राहिलं नाही, टोचन करून वर्कशॉपला न्या. तिथे काय झालं ते खरं सांगा. "बंद पडली, काय झालं माहीत नाही" म्हटलं की ते आधी सेन्सर तपासतात, वायरिंग तपासतात, आणि तपासताना पुन्हा पुन्हा सेल्फ मारतात.

निघालेलं मिश्रण नाल्यात ओतू नका. वडाळ्याचं पाणी माहुलच्या खाडीकडे जातं, तिथे तिवरं आहेत, फ्लेमिंगो उतरतात. वापरलेलं ऑइल जिथे गोळा करतात तिथेच हेही बंद पिंपात द्या.

उलटं झालं तर

डीईएफच्या टाकीत डिझेल जाणं कमी घडतं, पण घडतं. इथे डिझेल वर तरंगतं. झाकण उघडून स्वच्छ कागदाची पट्टी बुडवली आणि तिच्यावर तेलकट डाग राहिला, किंवा थेंब पाण्यात टाकल्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग आला, तर समजायचं. डीईएफच्या पंपातली रबरी सील डिझेल सोसत नाहीत, ती फुगतात. आणि ते तेल कॅटलिस्टपर्यंत गेलं तर ती जाळी निकामी होऊ शकते. ट्रकच्या धुराच्या सिस्टिममधल्या महागातल्या वस्तूंपैकी ती एक. इथेही चावी नाही, टाकी खाली करून सगळं धुऊन घ्यायचं.

वर्कशॉपबाहेर अजून एक गडबड होते, ती बनावट युरियाची. बीएस-६ गाडीत डीईएफ संपला किंवा खराब निघाला की गाडी आधी दिवा दाखवते, मग ताकद कमी करते. चढावर माल भरलेला असताना ताकद गेली की माणूस मिळेल ते भरतो. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून कॅन भरणारे आहेत. त्याने काय बिघडतं ते नीट समजून घ्या. शेतीच्या युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. पिकासाठी तो उत्तमच, पण इथे ते तेल थेट कॅटलिस्टवर जातं. शिवाय त्यात बाययुरेट नावाचा घटक डीईएफच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम जाळीवर थर धरतं. पिण्याचं पाणी, आरओचं पाणी, यातलं काहीही चालत नाही. अनुदानाचा शेतीचा युरिया असा वापरणं गुन्हाही आहे. विकत घेताना सीलबंद बादली, त्यावर डीईएफच्या मानकाचा क्रमांक आयएसओ २२२४१ आणि बनवल्याची तारीख बघा. तीस अंश तापमानात डीईएफ साधारण वर्षभर टिकतो, पस्तीस अंशांत सहा महिने. ताडपत्रीखाली उन्हात तापलेली बादली त्याआधीच म्हातारी होते.

छोट्या गाड्यांचं दुखणं वेगळं

छोटा हत्ती आणि तशा गाड्या डिझेलवर येतात, पेट्रोलवर येतात, सीएनजीवरही येतात. बाहेरून सारख्याच. पंपावरच्या पोराने आधीची गाडी पेट्रोलची भरली असेल तर हात तसाच तुमच्याकडे येतो. पेट्रोलची तोटी बारीक, डिझेलच्या तोंडात अलगद शिरते.

आणि इथे बाटलीची चाचणी उपयोगाची नाही. पेट्रोल डिझेलमध्ये पूर्ण विरघळतं, थर दिसत नाहीत. पेट्रोल त्या दोन मायक्रॉनच्या फटीतलं डिझेलचं वंगण धुऊन टाकतं, पंप आतून घासतो आणि त्याचा कीस सगळ्या इंजेक्टरमध्ये फिरतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्या थोडंफार सोसायच्या. "पाच लिटर गेलं तर काही होत नाही, वरून डिझेल भर" हा सल्ला त्या काळातला आहे. कॉमन रेल गाडीत तो पाळू नका.

त्यातून आगीचा धोका. आपल्याकडच्या डिझेलची वाफ पेट घेण्यासाठी ते किमान ३५ अंशांपर्यंत तापावं लागतं. पेट्रोलची वाफ शून्याच्या कितीतरी खालीसुद्धा पेट घेते. म्हणून असं मिश्रण काढताना आसपास विडी नाही, वेल्डिंग नाही, उघडा बल्ब नाही, आणि पिंप प्लास्टिकचं नाही.

पंपावर गाडीतून उतरा. "डिझेल" असं मोठ्याने बोला आणि समोरच्याने तसंच उलट म्हटल्याशिवाय तोटी आत जाऊ देऊ नका. नोझलच्या रंगावर विसंबू नका, तो सगळीकडे सारखा असतोच असं नाही. मीटरवरचा दर बघा. मुंबईत पेट्रोलचा दर डिझेलपेक्षा चढा असतो, आकडा बघितला की एका सेकंदात कळतं. आपण शून्य बघायला शिकलो आहोत, तसंच दर बघायची सवय लावायची.

पावसाळ्यात एवढं आणखी करा, फिल्टरखालची पाणी साठण्याची वाटी रोज सकाळी ड्रेन करा.

त्या मानखुर्दच्या रात्रीनंतर मी चारही गाड्यांच्या माणसांना बसवून एक गोष्ट सांगितली. टाकी चुकली तर पगारातून एक रुपया कापला जाणार नाही आणि कुणी ओरडणार नाही, फक्त चावी काढायची आणि मला फोन करायचा, कितीही वाजलेले असोत. मामांना ते पटलं नव्हतं. "अशाने पोरं सोकावतील, ताई," म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात पहाटे पावणेतीनला फोन वाजला. तोच पोरगा होता, आता तो जुना झाला आहे. दुसऱ्या गाडीवरच्या नव्या क्लीनरचा हात चुकला होता, दोन-तीन लिटर गेलं असेल म्हणाला. "चावी माझ्या खिशात आहे, ताई. मामा झोपलेत, त्यांना उठवू का?" मी म्हटलं, झोपू दे त्यांना, सकाळी बघू. नऊ वाजता मिस्त्री आला, टाकी खाली केली, धुतली, फिल्टर बदलला. दुपारी चारला गाडी न्हावा शेव्याला निघाली.